सातव्या पावलानंतर

लग्न दोघांचे असते, हे वाक्य लग्नाच्या आधी जितके खरे वाटते तितके लग्नाच्या दिवशी वाटत नाही. त्या दिवशी ते मामांचे असते, आत्यांचे असते, भटजींचे, आचाऱ्याचे, छायाचित्रकाराचे आणि मांडवात पळणाऱ्या मुलांचे असते. वधूवरांकडे एवढेच काम असते की सांगितले तेथे बसावे आणि सांगितले की उठावे. भूक लागली तरी कोणाला सांगावे हे कळत नाही, कारण विचारणारे पन्नास असतात आणि ऐकून घेणारा एकही नसतो. गेल्या अंकात याच पानावर आम्ही याद्या, आमंत्रणे आणि आहेर यांच्याविषयी लिहिले होते. त्यानंतर माघात बडोद्याला कार्य पार पडले. ‘पुढे काय झाले?’ असे ज्यांनी प्रेमाने विचारले, त्यांच्यासाठी हा पुढचा भाग.

आम्हा उभयतांपैकी एक बडोद्याची आणि एक इंदूरचा. अठराव्या शतकात गायकवाड व होळकर यांच्यामागोमाग जी मराठी घराणी गुजरातेत आणि माळव्यात जाऊन राहिली, त्यांपैकीच आमची दोन. आमची भेट मात्र नोकरीनिमित्त हैदराबादेत झाली. आडनावांवरून दोघेही मराठी असल्याचे पहिल्याच दिवशी कळले होते. तरीही बोलणे सुरू झाले ते हिंदीत, आणि मग तीन वर्षे हिंदीतच चालले. कचेरीतले काम इंग्रजीत, थट्टामस्करी हिंदीत, आणि मराठी आपापल्या आईशी दूरध्वनीवर, अशी वाटणी आपोआप झाली होती.

त्याला एक कारण होते. बडोद्याच्या घरी झोपाळ्याला ‘हिंचका’ म्हणतात. इंदूरच्या घरी पाऊस येत नाही, ‘पाणी पडते’. लहानपणी सुट्टीत पुण्याला गेलो की आमच्या या बोलण्यावर भावंडांत हशा पिके. हसणारे प्रेमाचेच होते, त्यात वाकडे काही नव्हते. पण ज्याच्यावर हसतात तो पुढच्या वेळी तोंड उघडण्यापूर्वी क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात हिंदी सोयीची वाटू लागते. परप्रांतातल्या मराठी घरांत वाढलेल्या पुष्कळांना हा क्षण ओळखीचा असेल.

गंमत अशी की हा संकोच आमच्यापुरता नव्हता. बडोद्याच्या आणि इंदूरच्या व्याह्यांची पहिली भेट झाली तेव्हा इकडचे थोरले काका आदराने उठून म्हणाले, ‘आइए, बैठिए.’ तिकडचे म्हणाले, ‘नहीं नहीं, पहले आप.’ मग खोली, पाणी, प्रवास कसा झाला, हे सगळे हिंदीत झाले. पाहुण्याशी हिंदीत बोलणे ही सभ्यता, असे दोन्हीकडे ठाम होते. शेवटी आतून विहीणबाईंनी विचारले, ‘चहात साखर किती घालू?’ तेव्हा कोठे सर्वजण एकदम मराठीत आले आणि बैठकीला घरपण आले. तोवर मानपानाचे निम्मे विषय परभाषेतच निकालात निघाले होते. कदाचित म्हणूनच ते इतक्या सुरळीत निघाले असावेत.

लग्नाचे विधी मात्र मराठी वळणाने झाले. देवक बसले, सीमांतपूजन झाले, वराला मधुपर्क दिला गेला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके झाली आणि ‘सावधान’ या शब्दाने आमच्या पोटात खड्डा पडला. समर्थ रामदास हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले अशी आख्यायिका आपण सर्वांनी ऐकलेली आहे. अंतरपाटामागे उभे राहिल्यावर ती आख्यायिका अगदीच अशक्य वाटत नाही, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

पण आमच्या मनात राहिली ती सप्तपदी. आमच्या भटजींनी मोठ्या हौसेने प्रत्येक पावलाचा अर्थ सांगितला. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनासाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सप्तपदीचा मान राखला आहे. ज्यांच्या विधीत ती आहे त्यांचा विवाह सातवे पाऊल टाकताच पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे अन्न, धन, संतती या सगळ्यांची व्यवस्था लावून झाल्यावरही लग्न पूर्ण होत नाही. ते पूर्ण होते मैत्रीच्या पावलाने. हे इतके जुने शास्त्र इतके आधुनिक असेल याची आम्हाला कल्पना नव्हती. मैत्री कोणत्या भाषेत करायची, हे मात्र शास्त्राने सांगितलेले नाही. ते त्याने ज्याच्या त्याच्यावर सोपवले आहे.

त्यानंतर उखाणे झाले. आम्ही दोघांनीही ते आठ दिवस आधी पाठ केले होते. वधूने घेतला, वराने घेतला, टाळ्या पडल्या, आत्यांनी ‘पुन्हा एकदा’ म्हटले. रात्री थकून बसलो असताना आमच्या ध्यानात आले की तीन वर्षांच्या ओळखीत आम्ही एकमेकांविषयी मराठीत उच्चारलेले हे पहिलेच वाक्य, आणि तेसुद्धा पाठ केलेले, यमक जुळवलेले व चारशे माणसांना ऐकवण्यासाठी घेतलेले! लग्नभर आमच्या भोवती मराठी होती. आम्हा दोघांच्या मध्ये मात्र ती नव्हती.

आता मधुचंद्राकडे वळू. ‘मधुचंद्र’ हा शब्द कितीही गोड असला तरी तो इंग्रजी शब्दाचे भाषांतर आहे, आणि चालही तिकडचीच. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत लग्नानंतर जोडप्याने जायचे ते कुलदैवताला. जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर, ज्याचे जे असेल तेथे. बरोबर सासूसासरे, दीर, नणंद, एखादी लांबची विधवा आत्या आणि पुरणपोळ्यांचा डबा. दोघांना एकांत मिळायचा तो देवळाच्या पायऱ्यांवर, तोही पुढे चालणारे जरा पुढे गेले तर. आजीला आम्ही विचारले, ‘मग तुम्ही बोलायचात केव्हा?’ ती म्हणाली, ‘बोलायला जन्म पडला होता की.’

आम्हाला मात्र चार दिवस दोघांचेच हवे होते, आणि तेही डोंगरात. इंदूरच्या घरी सत्यनारायण झाल्यावर आम्ही पचमढीचे नाव काढले. घरात थोडी शांतता पसरली. कुलदैवत अजून व्हायचे होते. आधी देव, मग हवापालट, असा घराचा शिरस्ता. तेव्हा आजोबा म्हणाले, ‘पचमढी म्हणजे महादेवच की. तेथे दर्शन घ्या, जेजुरी उन्हाळ्यात सगळे मिळून करू.’ अशा रीतीने आमच्या मधुचंद्राला महादेवाची संमती मिळाली. त्याची किंमत महादेव आमच्याकडून पुढे वसूल करणार होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

इंदूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने पहाटे पिपरियाला उतरलो. तेथून पचमढी सुमारे पन्नास किलोमीटर. मटकुली सोडले, देनवा नदी ओलांडली की घाट लागतो आणि हवा बदलते. खालच्या रानात सागवान, वर पठारावर साल. पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे अधिक उंच. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना येथले डोंगर वेगळे दिसतात, कारण तेथे काळा पाषाण, तर येथे तांबूस वालुकाश्म. पाण्याने तो कापत कापत खोल दऱ्या केल्या आहेत. हांडी खोहच्या कठड्याशी उभे राहिले की तळ दिसत नाही, फक्त झाडांचे शेंडे दिसतात आणि खालून गार वारा येतो.

गावात पाट्या जुन्या इंग्रजी आठवणी सांगतात. कॅप्टन जेम्स फॉर्साइथ या अधिकाऱ्याने १८६२ च्या सुमारास येथे बांधलेले बायसन लॉज अजून उभे आहे. त्याचा या डोंगररानावरचा इंग्रजी ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. पुढे पचमढी ही मध्यप्रांताची उन्हाळी राजधानी झाली. पण त्याच्याही आधीची एक मराठी आठवण या डोंगरांत आहे, आणि तिची पाटी आम्हाला कोठे दिसली नाही. नागपूरकर आप्पासाहेब भोसले १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटले, ते याच महादेव डोंगरांत येऊन गोंडांच्या आश्रयाने राहिले होते. पुढे ते असीरगडाकडे गेले आणि १८४० साली जोधपुरास त्यांचा अंत झाला. राज्य गेलेल्या एका मराठी राजाला येथल्या रानाने आणि गोंड माणसांनी काही महिने लपवून ठेवले, ही गोष्ट आम्ही संध्याकाळी धूपगडावर एकमेकांना सांगितली. अर्थात हिंदीत.

धूपगड हे सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर, सुमारे १,३५० मीटर. तेथे सूर्यास्त पाहायला पुष्कळ माणसे जमतात. सूर्य बुडाला की सगळी एकदम निघून जातात आणि त्यानंतरचा खरा देखणा अर्धा तास कोणीच पाहत नाही. आम्ही थांबलो. डोंगरांच्या रांगा एकामागून एक निळ्या होत गेल्या. लग्नाच्या धामधुमीनंतर प्रथमच कोणी आम्हाला काही विचारीत नव्हते. बोलायला वेळ होता, ऐकायला माणूस होते, आणि नेमके तेव्हाच दोघांनाही फारसे काही सुचेना. तीन वर्षे बोलतच होतो. पण त्या बोलण्याला घरी जायची वेळ ठरलेली असे. आता घर म्हणजे आम्हीच. ‘हैदराबादला गेल्यावर घरात देव कोठे मांडायचे?’ असा साधा प्रश्न निघाला, आणि हिंदीत तो विचारताना ‘देव’ या शब्दाशी जीभ अडखळली. ‘भगवान’ म्हटले तर ते देवळातले वाटतात. आमचे म्हणजे ताम्हनात न्हाणारे, बोटभर उंचीचे, आजीच्या हातचे. त्यांना हिंदी नाव नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून गावातली गर्दी वाढू लागली. आम्ही एकांत शोधीत आलो होतो आणि महाशिवरात्र चार दिवसांवर होती! विदर्भातून लोकांचे जथेच्या जथे येऊ लागले. खांद्यावर त्रिशूळ, कोणाचा हातभर तर कोणाचा पुरुषभर उंचीचा. डोक्यावर गाठोडे, पायांत साध्या चपला आणि तोंडी ‘हर हर महादेव’. नवस फेडायला चौरागडाच्या महादेवाला त्रिशूळ वाहण्याची त्यांची परंपरा जुनी आहे. नागपूर हे मध्यप्रांताचे राजधानीचे शहर होते तेव्हा हे सगळे एकाच प्रांतात मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि महादेव मध्य प्रदेशात राहिला. भक्त एका राज्यात, देव दुसऱ्या राज्यात. यात्रेने मात्र या सीमेची दखल घेतलेली दिसत नाही.

आम्हीही निघालो. आजोबांना दर्शनाचा शब्द दिलेला होता. आधी बडा महादेवाची गुहा लागते. तिच्या छतातून पाणी ठिबकते आणि आत बाहेरच्यापेक्षा गार असते. जवळच गुप्त महादेव आहे. तेथली वाट दोन कातळांच्या फटीतून जाते, इतकी अरुंद की अंग आडवे करूनच सरकावे लागते. दोघांना शेजारी शेजारी जाता येतच नाही. आतले बाहेर आल्याशिवाय बाहेरच्यांनी आत जायचे नाही, कारण वाट एकच. हात धरून चालायच्या आमच्या हौसेला तेथे पूर्णविराम मिळाला. एक पुढे, एक मागे, आणि मागचा पुढच्याला सांगतो आहे, ‘डोके सांभाळ.’ संसाराविषयी लग्नात ऐकलेल्या अनेक उपदेशांपेक्षा ती फट आम्हाला अधिक व्यवहारी वाटली.

तेथून चौरागडाची चढण सुरू होते. काही मैल रानवाट आणि मग तेराशेहून अधिक पायऱ्या. आम्ही दर शंभर पायऱ्यांनी बसत होतो. शेजारून सत्तरीच्या बाया न थांबता चढत होत्या. अशाच एका वळणावर एक आजी आमच्या बाजूला टेकल्या. अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आल्या होत्या. त्यांचा त्रिशूळ नातवाच्या खांद्यावर होता. त्यांनी आमच्याकडे, नव्या बांगड्यांकडे, मेंदीकडे पाहिले आणि विचारले, ‘कोठच्या व माय तुमी? नवीन लगन झालं दिसते.’

आम्ही सांगितले. बडोदे त्यांना माहीत नव्हते, इंदूर ऐकून होत्या. मग त्यांनी शेतीचे सांगितले. ‘अवंदा पाणी लय पडलं, तूर गेली.’ आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. इंदूरच्या घरातले ते ‘पाणी’ येथे या पायऱ्यांवर, कोणी हसत नसताना, अगदी सहज पडत होते. आम्ही ते हिंदीचे उसने समजत आलो होतो. ते विदर्भातल्या एका मराठी शेतकरीण आजीच्या तोंडी होते, आणि तिला त्याचा काडीइतका संकोच नव्हता.

थोड्या वेळाने आमचे आपसात काही बोलणे झाले, पाण्याची बाटली कोणाच्या पिशवीत आहे एवढेच. आजी ऐकत होत्या. त्यांनी सरळ विचारले, ‘तुमी दोघंबी मराठी ना? मंग आपसात हिंदीत काहून बोलून राह्यले?’

प्रश्नात टोचणी नव्हती, निव्वळ कुतूहल होते. आमच्यापैकी एकीने सांगितले, ‘आजी, सवय झाली. आमची मराठी काही फार शुद्ध नाही.’ त्यावर आजी हसल्या. ‘मले कोणतं शुद्ध येते? महादेवाले समजते, तुमाले समजते. झालं!’ एवढे बोलून त्या उठल्या, नातवाला हाक मारली आणि आमच्या आधी पाव तास वर पोहोचल्या.

वर हजारो त्रिशुळांचे ढीग आहेत. जुने गंजलेले, नवे शेंदूर लावलेले, एकमेकांत गुंतलेले. प्रत्येकामागे कोणाचे तरी दुखणे, कोणाचे तरी मूल, कोणाचे तरी जमलेले किंवा न जमलेले लग्न असेल. महाशिवरात्र म्हणजे शिवपार्वतीच्या विवाहाची रात्र अशी श्रद्धा आहे, त्यामुळे ही सारी मंडळी एका अर्थाने वऱ्हाडीच होती. स्वतःच्या लग्नाच्या गर्दीतून सुटून आम्ही जे पळालो, ते दुसऱ्या एका लग्नाच्या गर्दीत येऊन उभे राहिलो होतो. फरक एवढाच की येथे आम्हाला कोणी बस किंवा ऊठ म्हणत नव्हते.

उतरताना आम्ही ठरवून मराठीत बोलू लागलो, आणि पहिल्याच वाक्याला अडलो. हिंदीत आम्ही एकमेकांना ‘तुम’ म्हणत असू. फार जवळचा नाही, फार दूरचा नाही, असा तो मधला शब्द. मराठीत असा मधला शब्द नाही. येथे ‘तू’ आहे, नाहीतर ‘तुम्ही’. हिंदीने तीन वर्षे आम्हाला जो निर्णय टाळू दिला होता, तो मराठीने पहिल्या वाक्यातच मागितला. दोन्ही घरांत आजवर बायकोने नवऱ्याला ‘अहो’ म्हटलेले आणि नवऱ्याने बायकोला ‘अगं’. एकाने ‘तुम्ही’ म्हणायचे आणि दुसऱ्याने ‘तू’. ते चालवायचे, की दोघांनी ‘तू’ व्हायचे? आणि दोघांनी ‘तू’ व्हायचे तर ते इंदूरच्या स्वयंपाकघरात कोणाला कसे वाटेल?

चारशे पायऱ्या उतरेपर्यंत आम्ही यावर बोललो. लग्नाआधी नोकऱ्या, पगार, घराचे भाडे, आईवडिलांची काळजी या सगळ्यांवर आमचे बोलणे झाले होते. एकमेकांना काय म्हणायचे यावर झाले नव्हते, कारण परक्या भाषेने तो प्रश्न झाकून ठेवला होता. शेवटी सातवे पाऊल आठवले. ते सख्याचे. आणि मित्राला जगातला कोणताही मराठी माणूस ‘अहो’ म्हणत नाही. आमचे ठरले : दोन्हीकडून ‘तू’, आणि ते घरात व घराबाहेर एकच. वडीलधाऱ्यांपुढे ‘अहो’ आणि खोलीत ‘अरे’, अशी दुहेरी वही ठेवायची नाही.

इंदूरला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी स्वयंपाकघरातून ‘अरे, ऐक ना’ अशी हाक गेली. पोळी लाटणाऱ्या सासूबाईंचे लाटणे क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले. दिवसभर त्या काही बोलल्या नाहीत. आम्हा दोघांनाही तो दिवस लांब वाटला. रात्री भांडी आवरताना त्या आपणहून म्हणाल्या, ‘आम्ही जन्मभर अहो म्हणालो, सवयच ती. पण खरं सांगू का गं, अहो म्हणून मनासारखं भांडता कधी आलं नाही.’ मग थोडे थांबून, ‘मात्र आजोबांसमोर जरा हळू म्हण, त्यांना कमी ऐकू येतं ते बरंच आहे.’ ही संमती होती की तडजोड, हे आम्ही अजून ठरवलेले नाही. आम्ही ती आशीर्वाद म्हणून घेतली.

आज हे लिहिताना हैदराबादच्या घरात देव मांडून झाले आहेत. मराठी सर्व दिवस चालते असे म्हणणार नाही. कचेरीचे विषय निघाले की इंग्रजी येते. हिशेब हिंदीत जलद होतात. एखाद्या शब्दाशी गाडी थांबली की बडोद्याला किंवा इंदूरला दूरध्वनी जातो, आणि दोन्हीकडून वेगवेगळे शब्द येतात. इडली वाफवायच्या भांड्याला काय म्हणावे यावर दोन आयांमध्ये झालेला वाद अजून मिटलेला नाही. आमच्या घरात हिंचकाही आहे आणि पाणीही पडते. पुण्याच्या भावंडांना हे आम्ही स्वतःच कळवले आहे.

हे येथे सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच. परप्रांतातल्या आपल्या घरांतून मराठी जाते ती बहुधा मुलांच्या शाळेमुळे, असे आपण धरून चालतो, आणि मुलांशी मराठीत बोलावे म्हणून एकमेकांना बजावतो. पण आमच्या ओळखीत अशी घरे आहेत जेथे आई मराठी, वडील मराठी, दोघेही मुलांशी निष्ठेने मराठीत बोलतात, आणि मुले ती गृहपाठासारखी ऐकून घेतात. कारण स्वयंपाकघरात, दिवा मालवल्यावर, रागात आणि लाडात आईवडील आपसात दुसरीच भाषा बोलत असतात. घराची खरी भाषा कोणती, हे मुले तेथून ओळखतात. आईवडिलांचे ते बोलणे मुलांच्या जन्माच्या फार आधी, लग्नानंतरच्या पहिल्या थोड्या दिवसांत ठरून जाते, आणि एकदा ठरले की ते मोडणे फार जड जाते. आम्हाला ते दिवस एका डोंगरावर मिळाले, आणि वेळेवर एक प्रश्न विचारणाऱ्या आजी मिळाल्या.

ज्या घरांत येत्या मुहूर्तांवर कार्ये आहेत त्यांनी मुलामुलींना मधुचंद्राला अवश्य पाठवावे. डोंगरात, समुद्रावर, जेथे त्यांना आवडेल तेथे. भांडी, गादी, शीतकपाट यांची यादी आपण करतोच. तिच्या शेवटी एवढा एक प्रश्न लिहून ठेवावा, की तुम्ही दोघे आपसात कोणत्या भाषेत बोलणार आणि एकमेकांना काय म्हणणार? उत्तर त्यांचे त्यांनी द्यायचे. आमचे उत्तर वर आलेच आहे. त्यात एक उणीव तेवढी अजून आहे : भांडण सुरू झाले की आम्ही दोघेही नकळत हिंदीत शिरतो. सासूबाई म्हणतात, ‘अहो टाकलंत ना, मग आता मराठीत भांडायला कसली भीती?’ अभ्यास चालू आहे.